ठिणगी कोठें हरवते?

नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम कडेस, अक्कलकुवा तालुक्यांत, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर खापर हें गांव आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, पश्चिमेस थोड्याच अंतरावर गुजराथची हद्द, आणि डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. अशा मुलखांत मोटार-सायकल ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बाजारहाट, खताची गोणी, मुलांची शाळा, देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जाणें, आणि अपरात्रीं आजाऱ्याला दवाखान्यांत पोंचविणें, हीं सारीं कामें तिच्यावरच होतात. त्यांतून खेड्यांतील गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं आलेली, वयानें प्रौढ झालेली असते. पावसाळ्यांतील एखाद्या ओल्या सकाळीं ती रुसते. मालक किक मारून मारून घामाघूम होतो, शेजारीपाजारी ढकलून पाहतात. पण आंतून एक हुंकारहि उमटत नाहीं.

यानंतर जें घडतें तें नेहमींचेंच आहे. कोणी म्हणतो प्लग गेला, कोणी म्हणतो कॉइल जळली, तर कोणी बॅटरीकडे बोट दाखवितो. प्लग नवा येतो, मग कॉइल येते, मग बॅटरी येते. चार दिवसांची मजुरी दुकानदाराच्या गल्ल्यांत जाते. आणि शेवटीं दोष सांपडतो तो सांगाड्याला गंजून सुटलेल्या एका तारेपाशीं! 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण ज्यानें रचिली, त्यानें मोटार-सायकल पाहिली नसेल. पण मनुष्यस्वभाव मात्र नीट पाहिला होता. भाग बदलणें आणि दोष शोधणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला क्रम लागतो. हा क्रम कोणता, आणि तो तसाच कां, हें समजून घेतलें तर साधा पाना, एक लहान दिवा आणि थोडा धीर एवढ्या सामुग्रीवर विजेचे बहुतेक दोष घरच्या अंगणांत सांपडूं शकतात.

प्रथम दोष विजेचाच आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, तें मिश्रण घट्ट दाबलें जाणें, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. यांपैकीं एकहि चुकली तरी इंजिन मुकें राहतें. किक मारतांना पायाला नेहमींसारखा विरोध जाणवत असेल, तर दाब सामान्यतः ठीक आहे असें समजावें. मग पांच-सात किक मारून प्लग बाहेर काढावा व त्याचें टोंक पहावें. तें कोरडें असेल, पेट्रोलचा वासहि येत नसेल, तर पेट्रोल आंत पोंचतच नाहीं. दोष टाकी, नळी किंवा कार्ब्युरेटर यांत शोधावा. टोंक ओलें असेल तर पेट्रोल पोंचत आहे, पण पेट घेत नाहीं. अशा वेळीं संशय ठिणगीकडे वळविणें योग्य होय. मात्र फार किक मारल्यानें चांगला प्लगहि पेट्रोलनें भिजून निकामी होतो. म्हणून तो पुसून, वाळवून मगच पुढील परीक्षा करावी.

ही ठिणगी जन्मास येते तरी कशी? बॅटरीचा दाब अवघा ६ किंवा १२ व्होल्ट. आणि प्लगच्या दोन टोंकांमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक अंतर, तेंहि दाबलेल्या वायूंत, उडी मारून ओलांडण्यास हजारों व्होल्ट लागतात. ही किमया १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें शोधलेल्या तत्त्वावर चालते. तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकशक्ति बदलली म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि बदल जितका जलद तितका विजेचा दाब मोठा. शेतकऱ्याला याचें एक प्रतिरूप परिचयाचें आहे. पंपाच्या लांब नळांतून पाणी जोरानें वाहत असतां व्हॉल्व्ह एकदम मिटला तर नळ धाडकन् हादरतो. पाण्याची सावकाश धांव क्षणांत अडली, म्हणून तिचा धक्का झाला.

कॉइलमध्यें हेंच घडतें. तिच्यांत लोखंडी गाभ्याभोंवतीं दोन वेटोळीं असतात: एक जाड तारेचें, थोड्या फेऱ्यांचें, दुसरें केंसासारख्या बारीक तारेचें, हजारों फेऱ्यांचें. जाड वेटोळ्यांतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभा चुंबक बनतो. इंजिन फिरत असतां योग्य क्षणीं 'पॉइंट' नांवाची छोटी जोडी उघडते आणि प्रवाह तुटतो. चुंबकशक्ति कोसळते, आणि बारीक वेटोळ्यांत १० ते २० हजार व्होल्टांपर्यंतचा दाब उठून प्लगच्या टोंकांवर ठिणगी पडते. येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत धरावी: ठिणगी पॉइंट मिटल्यानें पडत नाहीं, तो उघडल्यानें पडते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांत हा प्रकार सेकंदाला ५० वेळां घडतो. पॉइंटवर काजळी धरली किंवा त्यांचें अंतर बिघडलें तर इंजिन कां रुसतें, हें यावरून उमगेल.

पॉइंटच्या शेजारीं एक लहानशी डबी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. पॉइंट उघडतांना वीज तेथेंच उडी मारून वाहत राहूं पाहते. तसें झालें तर प्रवाह सावकाश तुटतो आणि ठिणगी दुबळी होते. ती वीज क्षणभर आपल्या पोटांत घेऊन पॉइंटचें रक्षण करणें हें कंडेन्सरचें काम. कॉइलला कंडेन्सरची जोड देण्याची ही युक्ति फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यानें १८५३ सालीं सुचविली, म्हणजे मोटार-सायकल जन्मण्यापूर्वींच.

आतां गाड्यांच्या दोन कुळांचा भेद पाहिला पाहिजे, कारण दोष शोधणारे बहुतेक लोक येथेंच फसतात. एका कुळांत ठिणगीसाठीं लागणारी वीज बॅटरींतून येते. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें १९१० च्या सुमारास ही पद्धत मोटारींसाठीं रूढ केली. मद्रास येथें १९५५ सालीं उभ्या राहिलेल्या कारखान्यांतील एनफील्ड बुलेटच्या जुन्या गाड्या, आणि मुंबईच्या इराणी कुटुंबानें म्हैसुरास काढलेल्या व १९९६ पर्यंत चाललेल्या कारखान्यांतील जुन्या जावा गाड्या, या कुळांतल्या होत. दुसऱ्या कुळांत बॅटरीची गरज नसते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चक्रांत चुंबक बसविलेले असतात व तेच वीज उत्पन्न करतात. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा असा मॅग्नेटो सिद्ध केला. महाराष्ट्राला या कुळाची ओळख मोठ्या प्रमाणावर करून दिली ती अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक कारखान्यांतून १९७२ सालीं निघालेल्या लूना मोपेडनें.

या भेदाचा व्यवहारांत अर्थ असा. बॅटरीच्या कुळांत बॅटरी मेली कीं ठिणगी मेली. चुंबकाच्या कुळांत बॅटरी काढून ठेवली तरी ठिणगी पडावी. तेथें भोंगा वाजत नाहीं म्हणून नवी बॅटरी आणणें व्यर्थ. उलट भोंगा खणखणीत वाजतो म्हणून ठिणगीची वीज ठीक आहे, असेंहि त्या कुळांत म्हणतां येत नाहीं. चावीचें कामहि दोहोंत उलट आहे. बॅटरीच्या गाडींत चावी 'चालू' केली म्हणजे वीज कॉइलकडे जाऊं लागते. चुंबकाच्या गाडींत बहुधा चावी 'बंद' केली म्हणजे एक तार सांगाड्यास टेंकते आणि ठिणगीची वीज जमिनींत मुरावी तशी तिकडे मुरून जाते. म्हणून पहिल्या कुळांत तार तुटली तर गाडी बंद पडते. दुसऱ्या कुळांत ही बंद करणारी तार सोलवटून सांगाड्याला घासली तर गाडी बंद पडते. तुटलेली तार शोधत बसणाऱ्याला ती सोलवटलेली तार कधींच दिसत नाहीं.

एवढें समजल्यावर प्रत्यक्ष तपासाकडे वळावें. प्रारंभ नेहमीं बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावा. चावी पुरती फिरली आहे काय? हँडलवर इंजिन बंद करण्याचें बटण असेल तर तें चालू बाजूस आहे काय? मुलें खेळतांना हेंच बटण दाबून ठेवतात. प्लगवरील टोपी घट्ट बसली आहे काय? तिच्यांत पाणी शिरलें आहे काय? धान्याच्या कोठारांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा उंदरांनीं कुरतडल्या आहेत काय? टाकी व हँडल यांमधील जागा विशेष पहावी. हँडल वळतांना तारांची जुडी तेथें रोज वांकते, आणि वरचें आवरण शाबूत असूनहि आंतील तांबें तुटतें. चावी चालू ठेवून हँडल डावीं-उजवीं फिरवितांना दिवा लुकलुकला, तर दोष अर्धा सांपडलाच.

यानंतर मुख्य परीक्षा, ठिणगीची. ती करतांना दक्षता राखलीच पाहिजे, कारण पेट्रोलची वाफ आणि उघडी ठिणगी यांचें वैर जुनें आहे. गाडी उघड्या हवेंत घ्यावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा. प्लग काढल्यावर त्याच्या भोंकावर जाड फडकें घट्ट दाबून बसवावें. प्लग टोपींत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला, भोंकापासून शक्य तितका दूर, टेंकवावा. आणि तो हातानें न धरितां रबरी मुठीच्या पकडीनें धरावा. विजेचा धक्का निरोग्याला सहसा घातक नसला तरी दचकून हात मागें घेतांना इजा होते. हृदयाजवळ यंत्र बसविलेल्या मनुष्यानें तर हें काम दुसऱ्याकडेच सोंपवावें. मग सावलींत किक मारून पहावें. प्लगची तार अधांतरीं सोडून मात्र कधींहि किक मारूं नये. विजेला वाट न मिळाल्यास ती कॉइलचें आंतील आवरण फोडून वाट काढते.

परीक्षेचीं उत्तरें तीन. ठिणगी निळसर-पांढरी, ठसठशीत आणि 'टक्' असा आवाज करणारी असेल तर वीज बहुतांशीं निर्दोष आहे. ती पिवळी-तांबूस, बारीक, मधूनमधून चुकणारी असेल तर दुबळी आहे. पॉइंट, कंडेन्सर, टोपी किंवा अशक्त बॅटरी यांकडे संशय जातो. ती मुळींच नसेल तर वाट कोठें तरी तुटली किंवा मुरली आहे. पहिल्या उत्तराला मात्र एक पुरवणी जोडली पाहिजे. उघड्या हवेंत ठिणगी देणारा जुना प्लग इंजिनाच्या आंत, दाबलेल्या वायूंत, कच खाऊं शकतो. म्हणून चांगल्या स्थितींतला एक प्लग नेहमीं जवळ बाळगावा. संशयावरून बदलून पाहण्यास योग्य असा स्वस्त भाग हाच. नवा प्लगहि गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचाच असावा, आणि त्याचें अंतर, बहुधा ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान, मोजून घ्यावें. ठिणगी सशक्त आहे, प्लग ओला आहे, आणि किक मारतांच पाय उलटा फेंकला जातो किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो, तर ठिणगी पडते पण अवेळीं पडते, असें जाणावें.

ठिणगी नसेल तर नदीचा उगम शोधणाऱ्याप्रमाणें मुखाकडून मागें जावें. प्रथम टोपी. ती बहुतेक गाड्यांत तारेवर पिळून बसविलेली असते. ती काढून उघड्या तारेचें टोंक इंजिनाच्या धातूपासून ५ मिलिमीटरवर, लांकडी चिमट्यानें धरून, पुन्हां किक मारावी. आतां ठिणगी पडली तर दोष टोपींत किंवा प्लगमध्यें होता. पुष्कळ टोप्यांत रेडिओची खरखर टाळण्यासाठीं सुमारें ५ हजार ओहमचा अवरोध बसविलेला असतो, आणि तो जळून तुटला तर वरून कांहींहि दिसत नाहीं. ठिणगी तरीहि नसेल तर तारेचें टोंक अर्धा इंच कापून ताजें तांबें उघडें करावें. तेंहि व्यर्थ गेलें तर कॉइलपर्यंत मागें यावें.

बॅटरीच्या कुळांत येथें एक लहान दिवा मोठ्या पंडिताचें काम करतो. गाडीच्याच व्होल्टाचा, निर्देशक दिव्यासारखा लहान बल्ब घेऊन त्यास दोन तारा जोडाव्यात. एक तार सांगाड्याच्या स्वच्छ धातूस बांधावी. चावी चालू करून दुसरी तार कॉइलच्या त्या टोंकास लावावी जेथें चावीकडून वीज येते. दिवा लागला नाहीं तर कॉइल निर्दोष समजावी. दोष अलीकडे, म्हणजे बॅटरी, फ्यूज, चावी किंवा तार यांत आहे. दिवा लागला तर कॉइलच्या दुसऱ्या टोंकास, जेथून तार पॉइंटकडे जाते, दिवा लावावा आणि इंजिन हातानें सावकाश फिरवावें. पॉइंट उघडे असतां दिवा लागावा, मिटतांच विझावा. दिवा सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटूनहि स्पर्श करीत नाहींत. त्यांवर काजळी, तेल किंवा गंज आहे. दिवा कधींच लागला नाहीं तर एक तर कॉइलचें जाड वेटोळें तुटलें आहे, किंवा ती वाट कोठें तरी सांगाड्याशीं भिडली आहे. अशा वेळीं पॉइंटकडे जाणारी तार कॉइलवरून सोडवावी. आतां दिवा लागला तर कॉइल सुटली. कंडेन्सर आंतून भिडला आहे, किंवा पॉइंटखालचा अवाहक वायसर फाटला आहे. एका दमडीचाहि भाग न बदलतां संशय एका बोटावर आला!

बुलेटच्या मालकाला तर हा दिवाहि लागत नाहीं. हेडलाइटच्या वरच्या आवरणांत बसविलेला ॲमीटर हेंच काम करतो. चावी चालू करून किक सावकाश दाबली असतां पॉइंट मिटले म्हणजे कांटा वजा बाजूस किंचित् झुकतो आणि उघडले म्हणजे मध्यावर परत येतो. कांटा असा डोलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट चालू आहे. तो मध्यावरच खिळला असेल तर वाट तुटली आहे. तो वजा बाजूसच अडकून राहिला तर वीज कोठें तरी मुरत आहे.

पॉइंट घासतांना हात राखून काम करावें. बारीक पॉलिश पेपरनें दोन-चार वेळां घासून, पेट्रोलनें पुसून, शेवटीं स्वच्छ कोरा कागद त्यांमधून ओढून घ्यावा. बोटाचें तेल लागूं देऊं नये. मग ते अधिकांत अधिक उघडले असतां त्यांचें अंतर फीलर गेजनें मोजावें. जुन्या गाड्यांत तें बहुधा ०.३ ते ०.४ मिलिमीटर असतें. नेमका आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावा. पॉइंट वारंवार जळत असतील, किक मारतांना त्यांमध्येंच मोठी पांढरी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर निकामी झाल्याची ती खूण आहे. तो स्वस्त असतो. तो न बदलतां पॉइंटच घासत बसणें म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवून रोज जमीन पुसणें होय.

चुंबकाच्या कुळांत, गाडी पॉइंटची असेल तर, प्रथम बंद करणारी ती तार सोडवावी आणि ठिणगी पहावी. ठिणगी आली तर चावी, बटण किंवा ती तार दोषी. गाडी त्या स्थितींत सुरू झाली तर ती चावीनें बंद होणार नाहीं, हें आधींच ध्यानांत ठेवून गिअरमध्यें ब्रेक दाबून थांबविण्याची तयारी ठेवावी. ठिणगी नाहीं आली तर चक्राच्या खिडकींतून पॉइंट पहावेत, मग कंडेन्सर व आंतील वेटोळीं.

१९८५ सालीं हिरो होंडा सी. डी. १०० व यामाहा आर. एक्स. १०० या गाड्या आल्या, आणि पुढें खेडोपाडीं 'सी. डी. आय.' नांवाची काळी डबी परिचयाची झाली. तिच्यांत पॉइंट नाहींत, घासण्यासारखें कांहीं नाहीं. चक्राजवळचें एक छोटें वेटोळें क्षण सांगतें, आणि डबी आपल्या पोटांत सांठविलेली वीज त्या क्षणीं कॉइलमध्यें सोडते. डबी उघडून दुरुस्त करतां येत नाहीं. यामुळेंच गाडी बंद पडली कीं सर्वांचा संशय तिच्यावर येतो. वास्तविक तिच्या आधीं तिच्यांत शिरणारे कनेक्टर पहावेत. ते ओढून काढावेत, हिरवट गंज घासावा, सैल झालेल्या पट्ट्या हलकेच आवळाव्यात आणि पुन्हां घट्ट बसवावेत. मल्टिमीटर असेल तर क्षण सांगणाऱ्या वेटोळ्याचा अवरोध मोजून पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पहावा. एवढें करूनहि ठिणगी नसेल तर त्याच जातीच्या चालू गाडीची डबी घटकाभर लावून पहावी आणि मगच नवी घ्यावी. विजेचा भाग एकदां लावून पाहिला कीं बहुतेक दुकानांत तो परत घेत नाहींत.

एक दोष मात्र असा आहे कीं तो अंगणांत दिसतच नाहीं. गाडी सकाळीं झटक्यांत सुरू होते, घाट निम्मा चढते, तापते आणि बंद पडते. अर्धा तास सावलींत उभी राहिली कीं पुन्हां जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चालूं लागते. कॉइल किंवा कंडेन्सर यांचें आंतील आवरण जीर्ण झालें म्हणजे असें घडतें. उष्णतेनें फट वाढते, थंड होतांच मिटते. याची परीक्षा गाडी बंद पडल्याच्या क्षणींच, रस्त्याच्या कडेस, ठिणगी पाहून केली पाहिजे. घरीं आणून थंड झाल्यावर केलेली परीक्षा खोटी ठरते. मात्र पेट्रोलच्या टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजल्यासहि अशीच लक्षणें दिसतात. म्हणून आधीं झांकण उघडून पहावें. तें फुकट आहे.

बॅटरी व सांगाडा यांना जोडणाऱ्या तारेकडे सर्वांत कमी लक्ष जातें आणि तिचे दोष मात्र पुष्कळ असतात. वीज एका तारेनें जाते आणि सांगाड्याच्या लोखंडांतून परत येते. ही परतीची वाट गंजली किंवा रंगाच्या थरावर बसविली, तर नवी बॅटरीहि हतबल होते. तो स्क्रू काढून खालचा धातु चकाकेपर्यंत घासावा. बॅटरीच्या टोंकांवर जमलेलें पांढरें-हिरवें किटण गरम पाण्यानें धुवून, कोरडें करून, त्यावर व्हॅसलीन लावावें. पाण्याच्या बॅटरींत पातळी उतरली असेल तर शुद्ध केलेलेंच पाणी घालावें. नळाचें किंवा विहिरीचें नव्हे. विसांवलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं आली तर ती रिती झाली आहे. बॅटरी पुन्हां लावतांना धन व ऋण टोंकें पूर्वीं होतीं तशींच लावावींत. कांहीं जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें अंदाजानें जोडल्यास घात होतो.

ज्या गाड्यांना किकबरोबर सेल्फचें बटणहि आहे, त्यांत एक सोपा विवेक करावा. बटण दाबतां एकच 'टक्' ऐकूं येऊन पुढें कांहीं न झाल्यास बॅटरी अशक्त आहे किंवा तिचीं टोंकें सैल आहेत, असें बहुधा निघतें. मुळींच आवाज न आल्यास फ्यूज, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि बटण यांचा क्रम लावावा. सेल्फ न फिरतां किकनें गाडी सुरू होत असेल तर ठिणगीच्या भागाला हात लावण्याचें कारणच नाहीं.

या सर्व तपासाचें मर्म दोन नियमांत आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक परीक्षेनें संशयाचें क्षेत्र लहान व्हावें. दोन भाग एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर दोष कोणाचा होता हें कधींच कळत नाहीं आणि एका चांगल्या भागाचे पैसे फुकट जातात. म्हणून काय पाहिलें, काय दिसलें, कोणती तार कोठें होती, हें कागदावर लिहून ठेवावें. पुढील खेपेस तोच कागद उपयोगीं पडतो. आणि काम हाताबाहेर जाऊन मेस्त्रीकडे जावें लागलें तरी तो दाखविल्यास त्याचा वेळ व मालकाचा खर्च दोन्ही वांचतात.

१ एप्रिल २०२० पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बी. एस. ६ चे नियम लागू झाले. तेव्हांपासून बहुतेक नव्या मोटार-सायकलींत पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा कारभार एका संगणकाकडे गेला आहे. त्यांचा तपास वेगळ्या यंत्रानें करावा लागतो, आणि दिव्याच्या तारा त्यांत कोठेंहि लावणें अपायकारक आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशीं अजून ज्या जुन्या गाड्या ओझीं वाहत आहेत, त्यांचे दोष डोळ्यांना दिसण्याजोगे व हातांना सांपडण्याजोगे आहेत. मृग नक्षत्रापूर्वीं एक सकाळ काढून सांगाड्याची तार घासावी, कनेक्टर कोरडे करावेत, प्लगची टोपी तपासावी आणि एक चांगला प्लग कापडांत गुंडाळून गाडींत ठेवावा. मध्यरात्रीं एखाद्या पाड्यावरून आजाऱ्याला घेऊन निघावें लागलें, तर त्या वेळीं दोष शोधण्यास अवसर नसतो. त्या रात्रीची ठिणगी या सकाळींच सांभाळून ठेवावी लागते.